हे पुस्तक कितवीचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दरवर्षी पेरण्या आटोपल्या, की आमच्या घरी एक पोतं येतं. त्यात सोयाबीन नसतं, तूर नसते. पुस्तकं असतात. विक्रेते शाळांमध्ये नमुन्यादाखल प्रती ठेवून जातात. आसपासच्या दोन-तीन शाळांतले गुरुजी आणि बाई त्या गोळा करून माझ्या ओसरीवर आणून टाकतात आणि म्हणतात, “चाचा, पाहून द्या. यादी पाठवायची आहे.”

धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं गाव. मी इथलाच. मराठीत कविता लिहितो, बी. ए.पर्यंत शिकलो. ग्रंथपालाची पदविका काही माझ्याजवळ नाही. पण गावात ‘लिहिणारा माणूस’ असं नाव झालं, की लोक तुमच्याकडून अर्ज लिहून घेतात, लग्नपत्रिकेतल्या चार ओळी लिहून घेतात, तशी पुस्तकंही निवडून घेतात.

पहिल्या वर्षी हे काम मी एका दुपारी उरकलं होतं, हे आधीच कबूल करतो. बारीक पुस्तकं पहिली-दुसरीला, मध्यम पुस्तकं पाचवीपर्यंत, जाड पुस्तकं आठवीला. वजनकाट्यावर ठेवून वाटणी केली असती, तरी हाच निकाल निघाला असता. वर्षअखेर शाळेत जाऊन पाहिलं. फाळणीत घर सुटलेल्या एका आजोबांची गोष्ट, सुरेख चित्रांची, पानं जेमतेम बत्तीस, म्हणून मी पहिलीला दिली होती. पहिलीच्या पोरांनी त्यातल्या आगगाडीच्या चित्रावर बोटं फिरवून फिरवून ते एकच पान मळवलं होतं. बाकीचं पुस्तक कोरं करकरीत. आणि आठवीला दिलेलं जाडजूड पुस्तक परत करताना एक मुलगा म्हणाला, “चाचा, हे तर लहान पोट्ट्यायचं हाय. यातलं अस्वल बोलते.”

त्या दिवसापासून मी हे काम गंभीरपणे घेऊ लागलो. शाळेच्या ग्रंथालयासाठी नवी गोष्ट, नवी कादंबरी पारखायची कशी, कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती काय द्यायचं, हे चुकत चुकत जे कळलं ते आज आपल्यासमोर ठेवतो.

आधी थोडा पैशांचा हिशेब. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. गोष्टींची पुस्तकं कायद्यात आली, ही मला मोठी गोष्ट वाटते. पुढे २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या इयत्तांप्रमाणे पाच हजार ते वीस हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद झाली. आता पाच हजारांत किती पुस्तकं येतील? एका पुस्तकाला सरासरी शंभर रुपये धरले, तर पन्नास. त्या पन्नासांत दहा चुकीची गेली, तर दहा बरोबर पुस्तकांची जागा गेली. शहरातल्या मुलाला शाळेतलं पुस्तक आवडलं नाही तर घरी दुसरं असतं, कोपऱ्यावर दुकान असतं. आमच्याकडे पुष्कळ घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयाखेरीज छापलेला कागद नसतो. अशा घरातल्या पोराला शाळेनं पहिलंच पुस्तक कंटाळवाणं दिलं, तर ‘हे पुस्तक वाईट आहे’ असं तो म्हणत नाही. ‘मले वाचणं जमत नाही’ असं म्हणतो, आणि पुन्हा कपाटाकडे फिरकत नाही. धोका तो आहे.

मग प्रश्न येतो वयाचा. पुष्कळ पुस्तकांवर हल्ली वय छापलेलं असतं. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’ची रचना करताना बालगट आणि कुमारगट अशी विभागणी केली. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो. प्रथम बुक्सच्या गोष्टींना तर पायऱ्याच आहेत. पहिल्या पायरीवर सोपे, परत परत येणारे शब्द आणि अडीचशेच्या आत शब्दसंख्या, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, वाक्यं जरा लांब, आणि चौथी त्याहून मोठ्या, अधिक गुंतागुंतीच्या गोष्टींची. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला ही मोजपट्टी फार उपयोगी पडते. मलाही पडली.

पण मोजपट्टी पुस्तकाची उंची सांगते, वाचणाऱ्याची नाही. ‘असर’च्या पाहणीत गावागावांत जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. देशभरातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो सरळ वाचता येत नाही, असं त्यांचे अहवाल सांगत आले आहेत. म्हणजे पाचवीच्या एका वर्गात, एका सतरंजीवर, दुसरीचं वाचणारा आणि सातवीचं वाचणारा शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांचंही वय दहा-अकरा. पुस्तकावर ‘वय वर्षे १० ते १२’ छापलं, तर ते यांतल्या कोणासाठी?

यातली खरी अडचण मला एका बकऱ्या चारणाऱ्या मुलानं समजावली. पोरगा सहावीत. बारा वर्षांचा. बकऱ्यांच्या बाजारातला भाव त्याला माझ्याहून चांगला कळतो, रात्री-अपरात्री एकटा रानात जातो, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी थांबते. बाईंनी त्याला प्रेमानं ससा आणि कासवाचं चित्रांचं पुस्तक दिलं. ते त्यानं चौघांसमोर हातातही घेतलं नाही. त्याचं वाचन दुसरीचं होतं, पण मन बारा वर्षांचं होतं. आणि बारा वर्षांच्या माणसाला सशाचं पुस्तक देणं म्हणजे त्याचा अपमान करणं. अशा मुलासाठी वाक्यं छोटी हवीत, अक्षर ठसठशीत हवं, पण गोष्ट मात्र मोठ्या मुलाची हवी. तिच्यात चोर हवा, पूर हवा, पैज हवी, भीती हवी. अशी पुस्तकं मराठीत कमी आहेत. लहान वाक्य म्हटलं की आपले लेखक लगेच बोबडं बोलायला लागतात.

आणखी एक गैरसमज असा, की गोष्टीतल्या नायकाचं वय तेच वाचणाऱ्याचं वय. हे किती फसवं आहे, ते प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’नं मला दाखवलं. त्यातला हामिद चार-पाच वर्षांचा. आई-बाप नाहीत, आजी अमीनाजवळ राहतो. ईदच्या जत्रेत त्याच्या खिशात तीन पैसे असतात. सोबतची पोरं खेळणी घेतात, मिठाई खातात. हा पोळ्या भाजताना आजीचे हात भाजतात म्हणून चिमटा घेऊन येतो. मी ही गोष्ट एकाच आठवड्यात दुसरीला, पाचवीला आणि नववीला वाचून दाखवली. दुसरीच्या मुलांनी एकच प्रश्न विचारला: “त्यानं खरंच काहीच नाही खाल्लं?” मिठाईचं दुकान सोडून कोणी पुढे कसं जाऊ शकतो, हेच त्यांना पटेना. पाचवीला मजा आली ती चिमट्याच्या भावावरून झालेल्या घासाघिशीची, आणि मग हामिद आपला चिमटा सगळ्या खेळण्यांपेक्षा शूर कसा हे भांडून सिद्ध करतो त्याची. नववीचा वर्ग शेवटी गप्प झाला. आधी रागावलेली म्हातारी नंतर रडते ती कशासाठी, हे तिथं सांगावं लागलं नाही. माझ्या दादीचे हात मला आठवले. तिच्या बोटांवर असेच डाग होते. गोष्ट एक, नायक पाच वर्षांचा, आणि वाचणारे तीन वयांचे तीन. म्हणून मी आता पुस्तकावर ‘चौथी’ किंवा ‘सहावी’ असं लिहीत नाही. ‘चौथीपासून पुढे’ असं लिहितो. खालची पायरी सांगावी. वरची सांगायचं कारण नाही.

आता पारखण्याची प्रत्यक्ष रीत. मी नवं पुस्तक आधी मनात वाचत नाही, मोठ्यानं वाचतो. पहिली दोन पानं, मधलं कुठलंही एक, आणि शेवटचं प्रकरण. मोठ्यानं वाचताना वाक्यातला खडा लगेच दाताखाली येतो. भाषांतरित पुस्तकात तर फारच. मराठी शब्द घालून परक्या घडणीचं वाक्य उभं केलेलं असलं, की दम लागतो आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरतो. पहिली-दुसरीसाठी जोडाक्षरं मोजतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडला आहे का, चकचकीत कागद वर्गातल्या दिव्याखाली डोळ्यांवर येतो का, हेही पाहतो. लहान मुलांच्या चित्रपुस्तकात आणखी एक बघावं: मजकुरानं सांगितलं तेवढंच चित्र सांगतं, की काही जास्तीचं सांगतं? मजकुरात ‘राजू झोपला’ आणि चित्रात राजूच्या पांघरुणाखालून मांजरीची शेपटी बाहेर आलेली असेल, तर अक्षरओळख नसलेलं पोरही त्या पुस्तकाचं वाचक होतं.

मोठ्या मुलांना मी पाच बोटांची रीत शिकवली आहे. कुठलंही पान उघडायचं, वाचायचं, अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली, तर ते पुस्तक जरा थांबून घ्यावं किंवा कोणाकडून ऐकावं. एकही बोट मिटलं नाही तर तेही फार सोपंच झालं. ही रीत पुष्कळ ठिकाणी वापरतात. मुलांना ती आवडते, कारण निवाडा त्यांच्याच हातात असतो.

पण अडलेला शब्द म्हणजे नेहमी अवघड शब्द नव्हे. आपली बहुतेक पुस्तकं पुण्या-मुंबईकडची. एका गोष्टीत आई मुलीला कोथिंबीर आणायला पाठवते. दुसरीचा वर्ग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटलं, “अरे, सांबार!” तेव्हा सगळे हसले. आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. आता एवढ्यावरून ते पुस्तक नाकारायचं का? मुळीच नाही. कोथिंबीरही शिकावी की. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, पण समुद्राच्या गोष्टी ती कान टवकारून ऐकतात. अनोळखी जग हा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा लेखक ‘हे काय तुम्हाला माहीतच असणार’ अशा थाटात लिहितो, आणि ज्याला माहीत नाही त्याला दाराबाहेर उभं करतो. एक चांगला लेखक चार शब्दांत लिफ्टही दाखवतो आणि खळंही. हे मात्र खरं, की पन्नास पुस्तकांत खळं असलेली दोन तरी निघावीत. वर्षानुवर्षं गच्ची आणि सोसायटीच वाचणाऱ्या मुलाला वाटायला लागतं, की गोष्ट ही आपल्या गावात घडत नसते.

उपदेशाबद्दल बोलायलाच हवं. पोत्यातल्या दर चार पुस्तकांत एक तरी असं निघतं, ज्यात मोबाइलवर खेळणारा मुलगा शेवटी मोबाइल ठेवून पुस्तक हातात घेतो. मी अशा पुस्तकांची वेगळी थप्पी लावतो. थप्पी माझ्या गुडघ्यापर्यंत आली आहे. हे पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या हातात त्या क्षणी पुस्तकच असतं, एवढी साधी गोष्ट लेखकाच्या ध्यानात कशी येत नाही कोण जाणे. माझी परीक्षा सोपी आहे: शेवटचं पान झाकायचं. त्याच्याशिवाय गोष्ट उरते का? उरली तर पुस्तक घ्यावं. शेवटच्या पानासाठीच बाकीची पानं भरली असतील, तर ते पाठ्यपुस्तकच आहे, फक्त चित्रं जास्त. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून आजही आमच्या मुलांपर्यंत पोहोचतो, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे पोहोचतो, याचं कारण ती पोरं आधी धडपडतात. त्यांच्याकडून शिकायचं काय ते ज्याचं त्यानं शिकावं. बोक्याचा जन्म तर आकाशवाणीवरचा, म्हणून इथं त्याचं नाव घेताना थोडा जास्त आनंद होतो. जुनं ते सगळं सोनं असं मात्र मी म्हणत नाही. परवा एका मुलानं विचारलं, फोन करायला फेणे दुकानात काऊन जाते? त्याच्या खिशात नाही का? सांगावं लागलं. सांगण्यात दहा मिनिटं बरी गेली.

गोष्टीत कोण कसा दिसतो, हेही मी पाहतो, आणि इथं माझं स्वतःचं मन आड येतं हे लपवत नाही. लहानपणी मी वाचलेल्या गोष्टींत मुसलमान माणूस दोनच प्रकारे यायचा. एक तर बांगड्या विकणारा गरीब चाचा, नाही तर गावात दंगल पेटली असताना जीव देऊन एकोपा राखणारा थोर चाचा. दोघेही चांगलेच. पण कंपासपेटी हरवली म्हणून घरी मार खायच्या भीतीनं गोठ्यात लपलेला सलीम मला कधी भेटला नाही, आणि मी तर तसाच लपलो होतो. म्हणून सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या कादंबरीला २०१९ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला दुहेरी आनंद झाला. एक, लेखकाचं नाव पाहून. आणि दुसरा, पुस्तक नावाप्रमाणे जंगलाचं आहे, एकात्मतेचं नाही, म्हणून.

आपल्या जिल्ह्यात तांडे आहेत. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. पारध्यांचे बेडे आहेत. या वस्त्यांतली मुलंही त्याच सतरंजीवर बसतात. एकदा एक चांगली रंगलेली साहसकथा मी केवळ एका कारणासाठी बाजूला ठेवली: तिच्यात चोर कोण, हे लेखकानं शोधलंच नव्हतं, पारध्याचा बेडा दाखवला आणि मोकळा झाला. एक गुरुजी म्हणाले, “चाचा, गोष्ट आहे ती, एवढं काय?” मी म्हटलं, वर्गात हे पान आलं की सगळे कोणाकडे वळून बघतील, ते सांगा. गुरुजींनी पुस्तक स्वतःच उचलून थप्पीवर ठेवलं.

आता सगळ्यात कठीण भाग. दुःखाचं पुस्तक किती वयाच्या मुलाला द्यावं?

पंतप्रधानांनी २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. आमच्या शेजारचे यवतमाळ, अमरावती आणि अकोलाही होते. तेव्हापासून या विषयावर मुलांसाठीही लिहिलं जाऊ लागलं. काही वर्षांपूर्वी माझ्या पोत्यात अशीच एक कादंबरी आली. नाव सांगत नाही, लेखक नवा होता आणि मनापासून लिहिणारा होता. सातवीतली मुलगी, बाप फवारणीचं औषध पितो, मागे आई आणि दोन लेकरं. भाषा चांगली, वऱ्हाडी बोली अचूक. आम्ही तिघं-चौघं बसलो. बाई म्हणाल्या, “नको. पोरांचं कोवळं वय आहे.” मीही मान डोलावली. पुस्तक यादीत घ्यायचं नाही, असं ठरलं आणि ते माझ्या ओसरीवर पडून राहिलं.

ओसरीवर गल्लीतली मुलं वाचायला येतात. त्यांत एक मुलगी होती, जिच्या घरात हे घडलेलं होतं. अधिक काही सांगत नाही. संध्याकाळी मी नमाज पढून परत आलो तर ते पुस्तक तिच्या हातात, आणि शेवटची पाच-सहा पानं उरलेली. माझ्या पोटात गोळा आला. काढून घ्यावं तर तेही चुकीचं. मी चहा ठेवला, उगीच इकडे-तिकडे केलं. तिनं पुस्तक संपवलं, मिटलं, नीट जागेवर ठेवलं. मी विचारलं, “कसं वाटलं बेटा?” मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, “पहिलं खरं हाय. मंग त्याहीच्या आईले शिलाई मशीन भेटते अन् सगळं चांगलं होते. असं नाही होत चाचा. आमच्या इथं बँकेवाले आले होते.”

एवढंच बोलून ती घरी गेली.

त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं. बापाच्या मरणापर्यंत लेखक खरं बोलत होता. मग बहुधा तोही आमच्यासारखाच घाबरला असावा, ‘मुलांचं कोवळं वय’ त्यालाही आठवलं असावं, आणि त्यानं बारा पानांत सगळं शिवून टाकलं. ज्या मुलांनी असं दुःख पाहिलेलं नाही त्यांना तो शेवट गोड वाटला असता. ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो सांगत होता, की तुमच्या आईला मशीन मिळाली नाही, म्हणजे तुमच्याच घराचं काही तरी चुकलं.

ते पुस्तक आम्ही घेतलं नाही ते नाहीच. कारण मात्र बदललं. आणि पुढच्या वर्षी मरणाची, दुष्काळाची, घर सुटण्याची तीन पुस्तकं घेतली. आधी घेतली नसती. त्यांतल्या एकात शेवटी काहीच सुटत नाही. फक्त मुलगी आजीच्या जवळ झोपते आणि आजी तिला जागी असल्याचं सांगते. दुःखाच्या गोष्टीत मी आता एवढं पाहतो, की लेखक मुलाला त्या अंधारात एकटं सोडून जातो का? आणि खोटा दिवा लावतो का? या दोन्हींची उत्तरं ‘नाही’ अशी आली, तर पुस्तक घ्यायला हरकत नसते. मग वयाचा प्रश्न फार सोपा होतो. अशी पुस्तकं आम्ही सातवीच्या पुढे ठेवतो, बाईंनी ती आधी वाचलेली असतात, आणि वर्गात मोठ्यानं वाचायला ती घेत नाही. ज्याला हवं त्यानं एकट्यानं न्यावं, कोणी कारण विचारू नये. लहानांसाठी हेच दुःख लहान मापात असतं. मेलेलं कुत्र्याचं पिल्लू, गावाला निघून गेलेला मित्र. त्याला तेवढं पुरतं.

नववी-दहावीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. या वयासाठी मराठीत फार कमी लिहिलं जातं. मुलं परीकथेतून निघतात आणि एकदम ‘मृत्युंजय’मध्ये शिरतात, मधली पायरीच नाही. भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला २०२४ साली बालसाहित्य पुरस्कार मिळाला, त्यानंतर ते नाव मागणारी मुलं मला भेटली. रहस्य, भीती, थोडं हसू हे या वयाला हवं असतं. प्रेमाचा उल्लेख आला, की आमची समिती खोकते. खोकणाऱ्यांत मीही असतो. पण चोरून वाचण्यापेक्षा कपाटातून न्यावं, यावर आता आमचं एकमत होत आलं आहे.

शेवटी एक सोय सांगतो. ती कोणत्याही शाळेला फुकटात करता येईल. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत वेगळा ग्रंथपाल नसतो, कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. आम्ही प्रत्येक नव्या पुस्तकाच्या मागच्या पानाला एक कोरी चिठ्ठी चिकटवतो. वाचणाऱ्यानं तिच्यावर नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता आणि एक वाक्य. ‘चौथी : मधात बोअर होते, मंग चांगलं हाय.’ ‘सहावी : शेवट मले आधीच समजला.’ ‘तिसरी : वाघ कमी हाय.’ दोन वर्षांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या, की कोणतं पुस्तक कितवीचं याचा पत्ता लागतो, आणि तो पुष्कळदा माझ्या अंदाजाहून वेगळा निघतो. फाळणीच्या आजोबांचं ते पुस्तक आता सातवी-आठवीच्या कपाटात आहे. त्याची चिठ्ठी भरली, दुसरी लावली.

या वर्षीचं पोतं पाहून झालं आहे. यादी मंगळवारी द्यायची आहे आणि एका पुस्तकाचा निर्णय राहिला आहे. पुरात अडकलेल्या दोन भावांची कादंबरी. वाक्यं छोटी, अक्षर मोठं, आणि सत्तर पानांत एकही अस्वल बोलत नाही. तो बकऱ्यावाला मुलगा ते घेऊन गेला आहे. काल रस्त्यात भेटला. चाळीसाव्या पानावर आहे म्हणाला, आणि संपल्याशिवाय यादी देऊ नका म्हणाला.